पाडव्याला दिलेलं वाडगं

मार्च महिना आला की अजूनही माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आता तरी सोडा. कसं सोडू? सोडायला ते माझं एकट्याचं असतं तर एव्हाना सोडलंही असतं.

नव्वदच्या दशकात मी सांगलीत एका सरकारी कचेरीत कारकून होतो. मुंबईत राज्याचं अंदाजपत्रक मांडलं की त्यातला जिल्ह्याचा वाटा आमच्या टेबलांवरून फिरायचा. कुठं रस्ता, कुठं शाळेची खोली, कुठं दवाखाना. ती वर्षं तंगीची. दर दोन-चार महिन्यांनी काटकसरीचं परिपत्रक यायचं. त्यातून एखाद्या कामाला पैसा मिळालाच, तर तो एकतीस मार्चच्या आत कामाला लावायचा. नाही लावला तर परत जायचा, किंवा दुसऱ्या गावाकडे वळवला जायचा.

अशा वर्षात माझ्या गावाला आरोग्य उपकेंद्र मंजूर झालं. माझं गाव पूर्वेकडच्या कोरड्या भागातलं, पूर्वीचं मेंढक्यांचं. नर्सबाई आठवड्यातून एकदा एस.टी.नं यायची आणि त्याच गाडीनं परत जायची, कारण राहायला खोली नव्हती. माझ्या चुलतीच्या सुनेचं पहिलं बाळ तालुक्याला नेताना जीपमध्येच गेलं होतं. उपकेंद्र झालं की नर्सबाई गावातच राहणार होती. अट एकच होती, जागा गावानं फुकट द्यायची.

जागा चुलतीनं दिली. रस्त्याकडेचं, तीन पिढ्या मेंढरं बसवून खतावलेलं वाडगं. सोन्यासारखी जमीन! चुलता वारला होता, मालकी तिचीच होती. फक्त म्हणाली, "दीन, पर पाडव्याला दीन."

आमच्यात हे असंच आहे. जमीन विकायची तर अमावास्येलाही विकतील, पण दान द्यायची ती साडेतीन मुहूर्तांतल्या एकावरच. आणि त्या साली पाडवा नेमका मार्च उलटून एप्रिलात आला. मी तिला पुष्कळ सांगितलं, काकी, सरकारचं वर्ष पाडव्याला बदलत नाही. तिनं ऐकलं नाही. उलट म्हणाली, "तुज्या सायबालाच इचारते की!"

होळीला ती सांगलीत माझ्या खोलीवर आली, बरोबर नवीकोरी घोंगडी घेऊन. साहेबांना मी जेवायला बोलावलं होतं. साहेब साताऱ्याकडचे, बोलायला गोड. पुरणपोळीवर तूप ओतून घेता घेता त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"आवं सायेब, पाडव्याला दिली तर चालंल न्हवं?"

"खुशाल द्या मावशी. निधी काय पळून जातोय? मी आहे ना."

घोंगडी खांद्यावर टाकून साहेब गेले. चुलती इतकी खूश झाली की रात्रीच्या गाडीनंच गावी निघाली.

पाडव्याला तिनं वाडग्यातच गुढी उभारली. साऱ्या गावासमोर नारळ फोडून बक्षीसपत्रावर अंगठा उठवला. सुनेला शेजारी उभं केलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तो कागद छातीशी धरून कचेरीत गेलो. साहेब दौऱ्यावर होते. फायलीत कागद लावायला गेलो, तर वरच एका पत्राची प्रत. "जागा उपलब्ध नाही, सबब निधी अन्य कामाकडे वळवावा." खाली साहेबांची सही. पैसा एका पुढाऱ्याच्या गावच्या रस्त्याला गेला होता.

मी तारीख पाहिली. होळीच्या चार दिवस आधीची! म्हणजे माझ्या पाटावर बसून, माझ्या चुलतीच्या हातचं पुरण खाताना, त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. वर जावक क्रमांक होता, तोही माझ्याच नोंदवहीतला. पाकीट बंद होऊन आलं होतं, मी नोंद करून टपालात टाकलं होतं. साहेबांच्या खुर्चीवर ती घोंगडी चौघडी करून ठेवलेली होती. केसानं गळा कापला मेल्यानं!

मग मी काय केलं? काही नाही. मला अजून नोकरीत कायम केलेलं नव्हतं, आणि माझा अहवाल साहेबच लिहिणार होते. गावी जाऊन सांगितलं, "काकी, उशीर झाला. पैसा परत गेला."

"पुढल्या साली ईल की."

पुढल्या साली वरून आदेश आला, नवीन कामं धरू नयेत. त्याच उन्हाळ्यात सून पुन्हा बाळंतीण झाली, पुन्हा जीपमध्ये, तालुक्याच्या अलीकडे ओढ्यापाशी. सून वाचली. मुलगी नाही वाचली.

त्यानंतर चुलतीनं गुढी उभारणं बंद केलं. वाडगं मात्र तसंच ठेवलं. ना नांगर घातला, ना मेंढरं बसवली. दिलेली जमीन परत कशी घ्यायची, म्हणायची. कुणी विषय काढला की एकच सांगायची, "माजंच चुकलं. मी मुहूर्त बघत बसले, आन् पोर घालवली." मी समोर असलो तरी हेच. मी मान खाली घालून चहा पीत असे.

साहेबांची बदली झाली, मी कायम झालो, तेव्हा कुठं माझी जीभ सुटली. पाडव्याच्याच दिवशी गावी गेलो आणि तिला सगळं सांगितलं. पत्र, तारीख, घोंगडी. वाटलं, साहेबाच्या नावानं बोटं मोडेल, रडेल, निदान तिच्या मनावरचं ओझं उतरेल.

ती हळू म्हणाली, "म्हंजे पाडवा चुकला न्हवता."

"नाही काकी."

"आन् तुला ह्ये कवापास्नं ठावं हाय?"

"दुसऱ्या दिवसापासनं."

तिनं माझ्यासमोरचा चहाचा कप उचलला. अजून अर्धा भरलेला होता. तो आत घेऊन गेली, आणि बाहेर आली नाही.