पासवर्डाचं गाऱ्हाणं

मालवणातल्या आमच्या पतपेढीच्या शाखेवर हल्ला व्हायचा होता, आणि तो कसा होईल याचा नकाशा मीच काढला होता. खोटा ईमेल, गोड बोलून माहिती काढणारा फोन, कुणीतरी मुद्दाम विसरलेला पेनड्राइव्ह. शाखेचे कॉम्प्युटर मीच सांभाळते, म्हणून चोर कुठून शिरेल त्या सगळ्या वाटा लाल शाईने आखल्या. चाचणी म्हणून हेड ऑफिसचा साहेब त्या दिवशी चोर होऊन येणार होता. तो आमच्या कॉम्प्युटरात शिरला, तर आमची शाखा तळेऱ्याच्या शाखेत विलीन. मी राहते देवबागला. रोज तिथून पार तळेऱ्यापर्यंत एसटी, या विचारानेच माझं डोकं उठायचं.

सकाळी शाखाधिकाऱ्यांनी सर्व्हरपुढे नारळ ठेवला. गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तेच घालतात, त्यामुळे आवाज खणखणीत.

"बा देवा म्हाराजा! आज साहेब चोर होवन येतलो. तेची बोटां आकडव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे. काउंटरपुढची गिऱ्हाइकंसुद्धा, सवयीने.

इथवर ठीक होतं. मग त्यांनी देवाला पासवर्ड सांगितला, एकेक अक्षर सुटं करून.

"होय म्हाराजा!"

मी कपाळावर हात मारला. "अहो, हे काय केलंत?"

"राखण करूची तर कुलूप खंयचा ता देवाक नको कळाक?"

असा राग आला की तो नारळ तिथेच आपटावा. तडक जाऊन पासवर्ड बदलला आणि नवा त्यांच्या कानात सांगितला. त्यांचा चेहराच उतरला. "देवाक खोट्यात पाडलंस गो! आता तो जुन्या कुलपाचीच राखण करीत बसतलो."

ते इतके खचले की मलाच वाईट वाटलं. पुन्हा गाऱ्हाणं घालायचं ठरलं, पण माझ्या अटीवर: रेकॉर्ड रूममध्ये, दार लावून, हळू आवाजात. सुरुवात त्यांनी कुजबुजतच केली. पण देवळात कमावलेला आवाज तो, पासवर्डापर्यंत येईतो टिपेला पोचला.

"होय म्हाराजा," मी एकटीच पुटपुटले.

"होय म्हाराजा!" दारापलीकडून अख्खी रांग.

दार उघडलं. रांगेच्या टोकाला, बूट काढून, हात जोडून हेड ऑफिसचा साहेब उभा. आमच्याच जिल्ह्यातला निघाला. प्रसादाचं खोबरं चावत त्याने लॅपटॉप उघडला, आणि माझ्या नकाशातली एकही वाट न धरता सरळ आत गेला.

आता रोज तळेऱ्याची एसटी. शेजारच्या सीटवर शाखाधिकारी असतात. ते अजून म्हणतात, चूक माझीच. मी पासवर्ड बदलला नसता, तर देवाने राखला असता.