शुक्रावरची हवा

परवा विड्यासाठी चुना कालवताना त्याचा ओला, तिखट वास आला आणि देऊळगाव राजातलं आमचं स्वयंपाकघर आठवलं. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होतं. वडील नव्हते, घरात काकाजींचा शब्द चाले. ते म्हणाले, "बस झाली शाळा. काय शिकून राह्यली तू तिथं?"

मी चुन्याच्या निवळीत पपईच्या देठाच्या नळीनं फुंकलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. म्हटलं, "आपल्या श्वासातल्या ज्या वायूनं हे झालं, तोच शुक्रावर भरून हाये. तिकडून येणारा उजेड काचेच्या लोलकातून फोडून पाह्यला, तवा समजलं."

"कोणी जाऊन आलं काय तिथं?"

"न जाता समजते, काकाजी. तेच शिकून राह्यली मी."

"उद्यापासून घरातच राहजो."

"नाही राहत."

आईच्या हातातली पळी थांबली. नजर मी खाली केली नाही. त्या वायूबद्दल मला किती थोडं ठाऊक होतं, हे आज कळतं. पण ते 'नाही' मी आजही मागे घेणार नाही.

सकाळी आईनं माझी वेणी घातली आणि काकाजींच्या देखत म्हणाली, "जाय माय, उशीर होईल."