दिवेलागणीचं दार

मुनव्वर मुल्लाणीला कुठलीबी इमारत दाखवा, तो गडी खिडक्या-बाल्कन्या बघायचाच न्हाय. पयला सवाल, "हितनं धूर कुठं जाईल?" वास्तुशांतीच्या पंगतीतसुद्धा हेच. इंजिनेर हुता, पर वैताग आणायचा. मी त्याची दारं करणारा सुतार. "अरं बाबा, लोकांना जिलबी तरी खाऊ दे," म्हणायचो.

कारण त्यानं मला एकदाच सांगितलं. एक्क्याण्णव साली त्याची धाकटी बहीण जोया एका शिलाईच्या कारखान्यात कामाला हुती. आग खाली लागली, पोरगी वरच्या मजल्यावर. जाळ तिच्यापर्यंत पोचलाच न्हाय. अंगावर भाजल्याची खूण न्हाय, आईनं सकाळी घातलेल्या दोन वेण्या तशाच. नुसत्या धुरानं गेली. "खोकून खोकून गेली असंल रे केरबा," एवढंच बोलला. मी हे कुणाला सांगितलं न्हाय.

दोन हजार तीनात शाहूपुरीतल्या एका नव्या दवाखान्याचं काम त्याच्याकडं आलं. त्यानं दर मजल्यावर बोळाच्या मधोमध एक दार काढलं. पलीकडं कोठीची खोली, अलीकडं पेशंट आणि जिना. दार सोडलं की आपसूक मिटायचं, आणि आग लागली की अलीकडं पंखा हवा कोंबायचा, म्हंजे फटीतनं धूर आत शिरायला धजत न्हाय. दार मी केलं, जाड, वर काच बसवून.

चाचणीला मुनव्वरनं तिसऱ्या मजल्यावर घरची लोबानदाणी आणली. कोठीत लोबान पेटवला, पंखा बंद, आणि धूर कुठवर जातो ते बघायला दार मुद्दाम उघडं ठेवलं. पांढरा धूर बोळातनं आला, कुठल्या खोलीत डोकावला न्हाय, आणि शेवटच्या खाटेच्या पायथ्याला जाऊन थांबला. भेटायला आलेलं माणूस थांबतं तसा. तिथली आया तानाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "कुणाला बोलावताय ओ हे तुमी?"

आणि हीच बया रोज दिवेलागणीला त्या दाराला ईट लावून ते उघडं ठेवायची. तिन्हीसांजेला दार लावलं की लक्ष्मी माघारी जाती, हे तिच्या हाडात मुरलेलं. मुनव्वर तणतणला, ईट गटारात टाकून आला. दुसऱ्या दिवशी नवी ईट हजर. शेवटी तोच नमला. भिंतीत चुंबक बसवलं. दार उघडं राहील, धूर लागला की चुंबक सोडून देईल. "आता तुमची लक्ष्मीबी खूश आन् मीबी," म्हणाला. तानाबाईनं तरी एक ईट कोपऱ्यात ठेवलीच.

पावसाळा सरता सरता एका तिन्हीसांजेला तिसऱ्या मजल्यावरचं दार कुणी हात न लावता मिटलं. वास न्हाय, आरडाओरडा न्हाय. तानाबाई देवापुढं दिवा लावत हुती. ती उठली, ईट घेतली आणि दार उघडाय गेली.

फोन आला तसं मी आणि मुनव्वर पळालो. कोठी जळून कोळसा झालती. अलीकडच्या चादरींना धुराचा वाससुद्धा न्हवता, सगळे पेशंट जिन्यानं खाली आलते. तानाबाई मांडीवर ईट घेऊन पायरीवर बसलेली.

"दार वढलं की मी," ती म्हणाली. "उघडंना. काचंतनं बघितलं, तर पलीकडं धुरात एक पोरगी. दोन वेण्या घातलेली. दोन्ही हातांनी दाराची मूठ वढून धरलेली. ती कुठं हाय बघा आधी."

बंबवाल्यांनी सगळं धुंडाळलं. आत कुणी न्हवतं.

पंख्याच्या हवेनं दार चौकटीवर दाबून राहतं, म्हातारीला ते उघडणार न्हाय, एवढं मला कळतं. मुनव्वरला तर कळणारच, सगळा हिशोब त्याचा. पर तो तिच्या शेजारी पायरीवर बसला.

"मावशी," त्यानं विचारलं, "खोकत हुती का ती?"

"न्हाय की," तानाबाई म्हणाली. "अजाबात न्हाय."

तवा मुनव्वर रडला. त्याआधी मी त्याला कधी रडताना बघितलं न्हवतं.