कमलवहिनींचा उन्हातला फोटो

कमलवहिनी गेल्याचं कळलं तेव्हा मी कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसवर उभा होतो. शेजारच्या लाइनवरचा एक जण कानाशी येऊन ओरडला, “दत्तू, तुझ्या वहिनी गेल्या रे!” प्रेसशॉपमध्ये अशी बातमीसुद्धा ओरडूनच सांगावी लागते. मी मान हलवली आणि पुढचा पत्रा आत सरकवला. दुसरं काय करणार? रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही आणि सुपरवायझरची सही असल्याशिवाय गेटबाहेर पाऊल पडत नाही. रिलीव्हर येईपर्यंत हात आपोआप चालत राहिले. पत्रा आत, पाय पेडलवर, तुकडा बाहेर… आणि मनात एकच, बोटं सांभाळ दत्तू, आज बोट गेलं तर वहिनी रागावतील. बाहेर पडलो तोवर त्यांना दवाखान्यातून घरी आणलं होतं. कावीळ झाली होती. आजार अंगावर काढला. झोपून राहायला त्यांना घरात जागा होती, पण झोपायची सोय नव्हती.

वहिनी म्हणतो, पण त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. मी उस्मानाबादकडचा. दुष्काळाच्या साली सातवीतून शाळा सुटली, पिंपरीत आलो आणि रामभाऊंच्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहिलो. रामभाऊ लेथवर ऑपरेटर. कमलवहिनी त्यांची बायको, शोभा त्यांची मुलगी. लिहायची मला सवय नाही, चार ओळी लिहिल्या की तीन खोडतो. पण वहिनी अंगणाच्या पलीकडं फारशा कधी गेल्याच नाहीत. कुणीतरी छापलं तर निदान नाव तरी चार गावं हिंडून येईल, म्हणून हा खटाटोप.

त्या बाहेर का जात नव्हत्या, तर रामभाऊंच्या आईच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, अंगावरून वारं गेलं होतं. डावी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. मी राहायला आलो तेव्हाही त्या खाटेवर होत्या आणि आज हे लिहितोय तेव्हाही आहेत. त्यांना कूस बदलून द्यायची, भरवायचं, धुवायचं, रोज चादर काढून पिळून दोरीवर टाकायची. आतून “कमल” अशी हाक आली की वहिनींचा हातातला घास हातात राहायचा. वहिनींचं माहेर नारायणगावच्या पुढं. भोसरीला उभं राहिलं की चाकणवरून जाणारी एसटी मिळते, सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. माझं गाव दूर, म्हणून मी जाऊ शकत नव्हतो. शिवाय टेम्पररी माणूस, काही महिने झाले की कंपनी ब्रेक देऊन घरी बसवते; त्यात सुट्टी मागितली की पुढच्या वेळी ब्रेक संपल्यावर बोलावतील की नाही, ही धास्ती कायम. वहिनींचं गाव जवळ होतं, पण त्यांनाही जाता येत नव्हतं. अंगणात भांडी घासता घासता त्या मला विचारायच्या, “भावजी, तुमच्याकडं आता ज्वारी निसवली असंल न्हवं?” मी म्हणायचो, असेल. आम्ही दोघं असे बसल्या जागी आपापल्या गावाला जाऊन यायचो.

कॅमेरा रामभाऊंचा. हौसेनं घेतलेला साधा डबा-कॅमेरा, वर्षानुवर्षं कपाटावर पडून होता. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. सगळं जग कामावर असताना आपण मोकळे, आणि मोकळं असून करायचं काय हा प्रश्न. खोलीत आडवा पडून मी छताचे पत्रे मोजायचो, तर एकदा रामभाऊंनी तो डबा हातात दिला. “घे. गुरुवारचा असा सुतकात असल्यासारखा बसू नकोस.” हे उपकार मी विसरणार नाही. रीळ जपून वापरायचं, धुवायला कॅम्पातल्या स्टुडिओत द्यायचं आणि फोटो येईपर्यंत जीव टांगणीला.

पहिलं रीळ मी कंपनीतल्या मित्रांवर संपवलं. भर दुपारी, गेटसमोर. स्टुडिओवाल्यानं सांगितलं होतं, सूर्य तुझ्या पाठीला ठेव. तेवढंच मंत्रासारखं धरून बसलो. फोटो आले आणि मी ते अभिमानानं वहिनींना दाखवले. त्यांनी एकेक उलटून पाहिला, मग पदर तोंडाला लावला.

“भावजी, ही माणसं हायेत का उनात घातलेलं पापड?”

खरंच होतं. डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, कपाळं चकचकीत, ओठ आवळलेले. एकाच्या डोक्यातून पाण्याची टाकी उगवलेली. आणि सगळे ताठ, हात मांडीला चिकटलेले, दोन्ही कान दिसतील असे. त्याला कारण होतं. आमच्यापैकी कित्येकांचा जन्मातला पहिला फोटो कंपनीच्या गेटपाससाठी निघालेला. तिथं फोटोवाला हनुवटी धरून तोंड सरळ करतो, “कान दिसू दे, हलू नको” म्हणतो. कॅमेरा समोर आला की आमचा माणूस आपोआप पास काढायला उभा राहतो. मीही काढणारा तसाच, पास बनवणारा.

“आन् येवढ्या लांबून? चेहरा काढायचा हुता का कंपनी?”

“मग कसा काढायचा?” मी जरा चिडूनच विचारलं.

त्या तेव्हा उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “मला काय ठावं तुमच्या डब्यातलं? पण मी तांदूळ निवडाया उनात का बसत न्हाई? उनात समदंच पांढरं दिसतं, खडा आन् तांदूळ येकच. आत घरात बसलं तर समदंच काळं. हितं बसलं की खडा दिसतो.” मी बघत राहिलो. पाठीमागं घरातला अंधार, डोक्यावर पत्र्याची सावली आणि समोर उघडं आभाळ. त्यांचा चेहरा मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसला. गालाचं हाड, भुवईतला व्रण, सगळं. तोवर मी तो चेहरा रोज पाहत होतो, पण बहुधा उन्हात नाहीतर अंधारात.

त्यानंतर मी माणसांना उन्हातून काढून सावलीच्या काठावर आणायला लागलो. शेडच्या वळचणीला, टपरीच्या छपराखाली, झाडाखाली, पण पानांतून उन्हाचे ठिपके तोंडावर पडणार नाहीत असं. दोन पावलं पुढं सरकायला शिकलो. मागं खांब, टाकी, चिमणी काही डोक्यातून निघत नाही ना, हे बघायला शिकलो. सगळ्यात अवघड म्हणजे माणसाचा पास काढायचा नाही. त्यासाठी त्याच्या हातात काहीतरी द्यायचं, चहाचा ग्लास, सायकलचं हँडल, आणि गप्पा मारत राहायचं. वहिनींनीच सांगितलं होतं, “आवो, भाजीवाल्याशी घासाघीस करताना माणूस कसा खरा दिसतो! तवा काढा.” आमच्या लाइनवरचे लोक म्हणायला लागले, दत्तू, तुझ्या फोटोत मी माझ्या बापासारखा दिसतो रे. लोक गावाला पाठवायला फोटो मागायचे. आठ तास जे हात प्रेसला बांधलेले, ते गुरुवारी थोडे सुटायचे…

मग एकदा वहिनींचे भाऊ भाजीचा टेम्पो घेऊन चिंचवडला आले होते, ते घरी डोकावले. त्यांनी जाऊन आईला सांगितलं असावं की कमल पार वाळली आहे. आई गुडघ्यांनी अधू, एसटीची पायरी चढवत नव्हती. पुढच्या खेपेला भाऊ निरोप घेऊन आले, आई रात्रंदिवस घोर करतेय, एकदा तोंड दाखवून जा म्हणते. गुरुवारी वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, माझा येक काढाल का? आईला पाठवायचाय. बरी दिसली पायजे बघा. देखणी न्हाई दिसली तरी चालंल. पण बरी.”

मी आजवर एवढा कधी घाबरलो नव्हतो. फोटो चांगला काढता येतो असं वाटायला लागलं होतं, पण हे काम वेगळं होतं. वहिनींच्या आईला रात्री झोप लागणार की नाही, ते माझ्या एका फोटोवर होतं. पहिलाच फोटो घाईत गेला. नवं लुगडं नेसून त्या अंगणाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावर ऊन. मी “वहिनी, इकडं सावलीला” म्हणतोय तोवर आतून हाक आली, त्या “काढा, काढा लवकर” म्हणाल्या आणि मी खटका दाबला. उरलेलं रीळ मात्र मी जपून वापरलं. त्या उंबऱ्यात बसलेल्या, समोर दोरीवर आत्याबाईंची धुतलेली चादर वाळत होती, तिचा पांढरा उजेड त्यांच्या तोंडावर येत होता. इतका मऊ उजेड मला नंतर कधी मिळाला नाही. मी शेतीचं, भावंडांचं बोलत राहिलो. त्या मला विसरल्या. मग आतून “कमल” आलं, त्यांनी मान वर केली, उठायच्या आधी क्षणभर तशाच थांबल्या… आणि मी तो फोटो घेतला.

फोटो धुऊन आल्यावर मी तो उंबऱ्यातला सगळ्यात वर ठेवला. असा फोटो आपल्या हातून निघाला यावर माझा विश्वास बसत नव्हता. वहिनींनी तो बराच वेळ धरून ठेवला.

“ह्यो न्हाई पाठवायचा.”

“का? चांगला नाही आला?”

“चांगला आलाय म्हणूनच. आईला समदं कळंल.”

मग त्यांनी गठ्ठ्यातून तो पहिला, उन्हातला काढला. डोळे बारीक झालेले, गाल वर चढलेले, दात थोडे दिसणारे. “ह्यो बघा. हसतीय.”

“वहिनी, ते हसणं नाही. उन्हानं डोळे मिटलेत.”

“मला ठावं हाय. आईला कुठं ठावं हाय?”

तोच गेला. काही दिवसांनी भावाकडून उलट निरोप आला, आई म्हणते पोरगी चांगली हसरी दिसती, आता मला घोर न्हाई. त्या दिवशी वहिनींनी पुरणपोळी केली, मला वाढताना म्हणाल्या, “तुमच्या हाताला गुण हाय.” दुसरा फोटो त्यांनी मलाच ठेवायला दिला. घरात नको म्हणाल्या. तो माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी राहिला.

जलदान विधीला, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या दिवसकार्याला, त्यांची आई आली. भावानं भाजीच्या टेम्पोत पुढं बसवून आणली. टेम्पो आधीही होताच… पण ते असो. म्हातारीनं छातीशी धरून तोच फोटो आणला होता, काच लावून. रामभाऊंकडं वहिनींचा एकटीचा दुसरा फोटो नव्हता, म्हणून तो बुद्धमूर्तीशेजारी ठेवला, फुलं वाहिली. आलेला प्रत्येक जण म्हणे, काय हसरी बाई होती. मी भिंतीला टेकून उभा. लोक पांगल्यावर म्हातारीनं मला जवळ बोलावलं.

“तुमीच काढला व्हय ह्यो?”

“हो, आजी.”

“उनात हुबी हुती?”

“हो.”

“आमची कमल हसली की तोंडावर पदर धरती. ल्हानपणापासनं. दात दिसू द्याची न्हाई.” त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. “मला काय कळत न्हाई व्हय?”

“मग तुम्ही तसा निरोप का पाठवला?”

“ती वाट बघत असंल न्हवं, आई काय म्हणती म्हणून.” मग त्या म्हणाल्या, “दुसरा हाय का येखादा?”

मी खोलीत जाऊन ट्रंक उघडली. देऊ की नको, हा विचार तेवढ्या चार पावलांत कितीदा पालटला असेल. वहिनींनी नको म्हटलं होतं. पण ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना सगळं आधीच माहीत होतं. मी तो फोटो म्हातारीच्या हातात ठेवला. त्या रडल्या नाहीत. बघत बसल्या. एवढ्यात आतून आत्याबाईंनी हाक मारली, “कमल…” त्यांना सांगितलेलं ध्यानात राहत नाही. कुणी हललं नाही, आणि मग शोभा उठली. वहिनी दवाखान्यात गेल्यापासून ती शाळेत गेली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. म्हातारीनं तिला आत जाताना पाहिलं, पुन्हा फोटोकडं पाहिलं.

“रामभाऊ, हिला न्हेते,” फोटो पदरात गुंडाळत त्या म्हणाल्या, “आन् शोभीलाबी. आमच्याकडं हायस्कूल हाय.”

रामभाऊ वाईट माणूस नाहीत. ते गोंधळून सासूला म्हणाले, “आत्ती, आईचं कोण बघणार मग?”

“तुमची आई हाय. तुमी बघा.”

एवढंच. पुढं कुणी आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत शोभा आजीच्या मांडीला खेटून बसली होती. तिच्या कपड्यांची पिशवी मी वर दिली. उन्हातला फोटो म्हातारीनं मुद्दाम इथंच ठेवला, तो आता रामभाऊंच्या भिंतीवर आहे.

मी आणि रामभाऊंनी शिफ्टा उलटसुलट मागून घेतल्या आहेत, म्हणजे एक जण घरात राहतो. गावाकडं जायचं यंदाही जमेलसं दिसत नाही. चादर पिळायला किती जोर लागतो, ते मला आता कळलंय. कूस बदलताना आत्याबाई उजव्या हातानं माझं मनगट धरतात आणि विचारतात, कमल कुठंय? रामभाऊ असले तर बाहेर निघून जातात. पहिले काही दिवस मी खरं सांगत होतो. प्रत्येक वेळी त्या नव्यानं रडायच्या. परवा मात्र माझ्या तोंडून निघून गेलं, “माहेरी गेल्यात.”

आत्याबाई छताकडं बघत राहिल्या. मग जड जिभेनं, एकेक शब्द गोळा करत म्हणाल्या, “जाऊ दे की… लई दिसांत… गेली न्हवती.”