सासऱ्यांचं लाल आभाळ

आपल्याला काही कमी पडतं हे कबूल न करणारी जेवढी माणसं मी पाहिली, त्यांत माझे सासरे पहिल्या नंबरचे; मी त्यांना मामाजी म्हणे. मोतीबिंदूमुळे त्यांना दोन हातांपलीकडचं धड दिसत नव्हतं, तरी आसगावात ते असे चालत की रस्ता जणू त्यांनीच आखला. माणसं खोकल्यावरून ओळखत. शेजाऱ्याच्या बांधावर उभं राहून "यंदा धान मस्त हाय" म्हणत, तेव्हा कापणी होऊन चार दिवस झालेले असत. शेवटी एकदा त्यांनी खुंटीवरच्या सदऱ्याला "बसा, चहा घ्या" म्हटलं आणि ब्याऐंशीच्या हिवाळ्यात आम्ही त्यांना भंडाऱ्याच्या नेत्रशिबिरात नेलं.

महिन्याभराने जाड भिंगांचा चष्मा आला. त्याच संध्याकाळी ते अंगणात आले आणि जागीच थबकले. सूर्य बुडून बराच वेळ झाला होता, तरी पश्चिमेचं आभाळ पेटलेलंच होतं. आधी केशरी, मग लालभडक, मग जांभळट. "हे रोजच असं रायते का?" त्यांनी सासूबाईंना विचारलं. त्या चूल फुंकत होत्या. "अन् काय," त्या म्हणाल्या.

मामाजी त्या दिवशी नीट जेवले नाहीत. "सारी उमर चिखलाकडे पाहून काढली," ते म्हणाले. "एक डाव मान वर केली नाई."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळ झाली की हातातलं काम टाकून ते तलावाच्या पाळीवर निघत, आणि सासूबाईंना सोबत नेत. लग्नाला चाळीस वर्षं झालेलं जोडपं नुसतं आभाळ बघायला जातं, हे गावाला नवीन होतं. बायका दारात येऊन बघत. मामाजींना त्याचं काही नव्हतं. वाटेत भेटेल त्याला ते "वर पाह्य ना बे" म्हणून दटावत.

मला खरं कारण ठाऊक होतं. माहेरी वर्तमानपत्रात वाचलं होतं, की दूर मेक्सिकोत ज्वालामुखी फुटला, त्याची राख आणि धूर फार उंच जाऊन पसरला, म्हणून हे रंग. त्याचं कात्रण मी ट्रंकेत ठेवून दिलं. त्यांना सांगायचा धीर होईना.

वर्ष-दीड वर्षात रंग फिके होत गेले. मामाजींचं लोकांना दटावणं थांबलं. चष्मा धोतराने पुसत, वर बघत, परत पुसत. एका सकाळी मी तांदूळ निवडत होते, तिथे येऊन बसले.

"सूनबाई, खोटं नोको सांगू. काल आभाळ लाल होतं?"

"नव्हतं, मामाजी."

"मले वाटलं, डोळे परत चालले."

मी उठून कात्रण आणलं आणि शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मग त्यांनी सासूबाईंना हाक मारली.

"पयले असं नवतं, हे तुले ठाव होतं?"

"होतं."

"मंग बोलली काहून नाई?"

सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "तुमी मले संगं नेऊन राहिले होते," त्या म्हणाल्या.

मामाजींनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसताच हातात धरून ठेवला. त्या संध्याकाळी आभाळ धुळकट होतं. तरी दोघं गेले. पुढे मामाजी होते तोवर जातच राहिले. परत आल्यावर ते पाय धुता धुता मला सांगत, "आज काई खास नवतं." सासूबाई काहीच सांगत नसत.