लेथवरची फुलं

फवारणीचे पंप आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचं माझं दुकान आहे. एखादा बुश, म्हणजे दांड्याभोवतीची कडी, किंवा आट्यांचा दांडा लागला की मी शेजारच्या काकांकडे जायचे. काका मुंबईत टर्नर होते. निवृत्त होऊन रत्नागिरीत आले ते टेबलावर मावेल असा लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, घेऊन. गेल्या वर्षी त्यांनी लेकीकडे कायमचं जायचं ठरवलं. हातखंब्याचा एक वर्कशॉपवाला लेथ मागत होता. मी म्हटलं, मला द्या.

"चालवता येतो?"

"शिकवा."

"दसऱ्यापर्यंत शिकवतो. डायचा होल्डर करून दाखव. त्याने पाडलेल्या आट्यांवर नट बोटाने फिरला, तर मशीन तुझं. नाही तर हातखंब्याला."

दांड्यावर आटे पाडते ती डाय. ती हाताने धरली की तिरकी बसते आणि आटे वाकडे येतात. होल्डर लेथच्या मागच्या टोकाला बसवला की डाय सरळ राहते. माझे निम्मे पंप मी हाताने पाडलेल्या असल्या वाकड्या आट्यांमुळेच परत यायचे, म्हणून मला तो हवाच होता.

लेथ माझ्या दुकानात आणून ठेवला. पहिला आठवडा काकांनी मोटर सुरूच करू दिली नाही. टूल, म्हणजे कातायचं पातं, दगडावर घासायचं आणि त्यांना दाखवायचं.

"ही काय कोयती आहे गो बाय? शहाळं सोलायचंय?"

मग कधीतरी लोखंडाचं कातण सालीसारखं सलग निघायला लागलं. होल्डरचे पहिले दोन तुकडे भंगारात गेले, कारण डाय बसायची खाच केसभर मोठी झाली. तिसऱ्या वेळी डाय अंगठ्याने दाबून बसली. तो खंडेनवमीचा दिवस. परीक्षा दसऱ्याला.

त्या दिवशी दुकानात हत्यारांची पूजा असते. एकदा मांडलेली हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवायची नाहीत, ही आमच्याकडची रीत. लेथ नवा पाहुणा, म्हणून त्याची तयारी जास्तच केली. बेडवर, म्हणजे टूल ज्या पट्ट्यांवरून सरकतं तिथे, तेलाचा थर होता. तेलावर कुंकू ठरेना. मी रॉकेलने सगळं तेल पुसलं, वर साबणाचं फडकं फिरवलं. बेड आरशासारखा दिसला. हळदकुंकू, ओला झेंडू, आणि नारळ फोडून पाणी शिंपडलं. दार ओढून घरी गेले.

भाट्याच्या किनाऱ्याकडून खारी हवा रात्रभर येतच असते. दसऱ्याला सकाळी फुलं उचलली तर प्रत्येकाखाली तांबूस गोल डाग. पाण्याच्या थेंबांचे डागही मोजता आले असते.

काका आले तेव्हा मी दारातच सांगितलं, "काका, बेडला गंज धरलाय. तेल मीच पुसलं."

ते आत गेले, चष्मा कपाळावर चढवून वाकले.

"मशीनला आंघोळ घातलीस?"

"साबणाने."

"उटणं नव्हतं घरात?"

दोन तास त्यांनी मला तेल आणि मऊ फडक्याने बेड घासायला लावला. पॉलिशपेपर मागितला तर हातावर चापट मारली. त्याची वाळू पट्ट्यांत शिरते म्हणे. तांबूस रंग गेला, राखाडी सावल्या राहिल्या.

"नख फिरव. अडकतं?"

"नाही."

"आता होल्डर काढ."

दांडा चकमध्ये, लेथच्या फिरत्या जबड्यात, धरला, होल्डर मागे बसवला आणि चक हाताने फिरवत आटे पाडले. काकांनी नट लावला आणि बोटाने टिचकी मारली. तो गरगरत शेवटपर्यंत गेला. त्यांनी तो उलटा फिरवून काढला, पुन्हा लावला. मग खिशातून फोन काढून हातखंब्याला लावला.

"मशीन तुला नाही जमायचं रे. बेडला डाग पडलेत. हो, कालच."

फोन ठेवून माझ्याकडे वळले. "डागाचं मशीन कोणाच्या गळ्यात मारू? तूच घे."

नट गरगर फिरला होता, त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मी होल्डर पुसून खणात ठेवला.

यंदा खंडेनवमीला मी बेडवर तेल चोपडलं, वर पुठ्ठा ठेवला आणि हळदकुंकू पुठ्ठ्याला लावलं. नारळ बाहेर पायरीवर फोडला.