लॉगमधली तिची ओळ
विस्तवावर पोह्याचा पापड भाजला, की त्या वासासरशी मला रोह्याच्या कंपनीतली ती गार खोली आठवते. आमचा प्रोग्रॅम यंत्रांची बारीकसारीक हालचाल डेटाबेसमध्ये लिहायचा. या नोंदवहीला आम्ही लॉग म्हणायचो. दिवसाला लाखो ओळी, डिस्क सारखी भरायची. मोबाइल गेटवर जमा करावा लागे. त्यामुळे पेणच्या ऑफिसात बसून त्याच ओळी पाहणाऱ्या मैत्रिणीशी मी बोलायचो ते लॉगमधूनच. टेस्टची ओळ म्हणून मी ‘जेवलीस काय गो?’ लिहायचो; पलीकडून ‘व्हय, तू?’ उमटायचं आणि यंत्रांच्या ओळींखाली वाहून जायचं. ती कोकणातल्या ज्यू घरातली; तिचं घर कायमचं इस्राएलला निघालं होतं. तिच्या ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून, महिन्यापूर्वीचे लॉग रोज आपोआप पुसले जातील अशी सोय केली. मग मी लिहिलं, ‘थांब गो, पाचच्या एसटीने येतो.’ बराच वेळ नुसतं तापमान, दाब, तापमान. मग तिची ओळ आली, ‘गाडी दारात आली रे. पोह्याचे पापड इथे ऑफिसात तुझ्या खणात ठेवलेत. आता काय मी परत येत नाय.’ पापड मी पुरवून पुरवून खाल्ले. ती ओळही रोज शोधून वाचायचो. उतरवून घेता आली असती, पण तिथे, यंत्रांच्या गर्दीतच ती तिची वाटायची. महिन्याने एका सकाळी ती सापडली नाही. आमची सोय चोख चालली होती. आता कुणी विचारलं, लॉग किती दिवस ठेवायचे, तर माझ्या तोंडून आधी ‘राहू दे ना’ असंच निघतं.